करवलीच्या पायाखालचा पत्रा

मी, झुंबरबाई भैरू कोळपे, वय सहासष्ट, धंदा शेती व गाड्यांचे पत्रेकाम, राहणार निमोणे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. कोणी माझ्या डोक्यावर बसून हे लिहून घेतलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही, म्हणून तर हा खटाटोप. परवा मला ऑपरेशनसाठी पुण्याला नेणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "आजी, घाबरायचं काही कारण नाही," आणि ते म्हणताना माझ्याकडे न बघता कागदाकडे बघत होते. मी घरी आले आणि शिरूरच्या वकिलांना बोलावणे पाठवले.

वकिलांनी मसुदा तयार करून आणला होता. त्यात स्थावर होते, जंगम होते, पण माझे घर आणि माझी लेकरे मला त्यात कुठे दिसेनात. म्हणून त्यांचे कलमांचे आकडे तेवढे ठेवले आहेत आणि बाकीचे मी माझ्या हाताने लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहत होतो तेव्हा रोज पेपर वाचायची सवय लागली. शुद्धलेखन वकिलांनी सुधारावे, मजकूर सुधारू नये.

हे लिहिण्याचे खरे कारण आधीच सांगून टाकते. माझी नात हर्षदा हिचे लग्न तोंडावर आले आहे. वरात आमच्या जुन्या काळ्या डॉज गाडीतून निघायची आहे, आणि त्या गाडीचा मागचा तळ सडका आहे. माझ्या मुलाने तो सडका पत्रा न काढता वरून नवा पत्रा डकवला आहे. हे मी मेल्यावर कळून उपयोगाचे नाही. म्हणून हे मृत्युपत्र उद्या सकाळी, मी समोर बसलेली असताना, सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. वकील म्हणाले, "आजी, असं कुणी करत नाही." मी म्हटले, मी करते.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी आणून दाखवले तर ते बनावट समजावे.

कलम २. मला दोन लेकरे आहेत. थोरला हनुमंत, त्याची बायको रतन, त्यांच्या मुली हर्षदा आणि पूनम. धाकटी नकुशी, बिनलग्नाची, दौंडला खिडक्यांच्या जाळ्या बनवतात तिथे वेल्डिंग करते. हनुमंतनंतर मला झालेल्या दोन मुली जगल्या नाहीत, आणि तिसरीही मुलगीच झाली म्हणून सासूने हिचे नाव नकुशी ठेवले. मी तेव्हा बाळंतिणीच्या खाटेवर होते, अंगात भांडायचे बळ नव्हते. बळ आल्यावर पुष्कळ भांडले, पण तोवर नाव सगळ्यांच्या तोंडी बसले होते. मला ती हवी होती, हे या कागदावर राहू द्यावे.

नवऱ्याचे नाव वर एकदा लिहावे लागले, तेवढे पुरे. त्यांना सगळे आबा म्हणत, म्हणून पुढे आबाच लिहीन.

कलम ३. राहते घर आणि अंगणातली चिंच हनुमंत आणि रतन दोघांच्या नावे. दोघांच्या म्हणजे दोघांच्याच. सातबाऱ्याला जसे बायकांचे नाव राहून जाते तसे इथे राहू नये. रतनने माझ्या तोंडाचा पट्टा इतकी वर्षे झेलला. ती मला उलट बोलली तेव्हा बहुतेक वेळा तिचेच बरोबर होते. हे मी तिला तोंडावर सांगणार नाही, उद्या वकील वाचतील तेव्हा तिने ऐकून घ्यावे आणि लगेच रडू नये.

रस्त्याकडेची शेड आणि तिला लागून असलेली खोली नकुशीची. तिला माहेरी यायला कोणाची परवानगी लागू नये एवढ्यासाठी.

कलम ४. ओढ्याकाठचे रान दोघा बहीण-भावांत निम्मे. आबांची मेंढरे हनुमंतने सांभाळावीत. काळी शिंगाडी मेंढी म्हातारी झाली आहे, तिला विकू नये.

कलम ५. माझी बोरमाळ हर्षदाला, ती लग्नातच घालावी. चांदीच्या पाटल्या पूनमला. पूनम करवली आहे, म्हणजे नवरीच्या पाठीमागे कऱ्हा घेऊन फिरायचा मान तिचा, आणि वरातीत नवरीच्या पायाशी बसायचाही तिचाच. त्या बसण्याविषयी पुढे येईलच.

कलम ६. शेडमधली सगळी हत्यारे नकुशीला. पत्रे जोडायची गॅसची टॉर्च, पकडी, छिन्न्या, काळा चष्मा, आणि आबांचा गोल तोंडाचा हातोडा.

आबा मेंढपाळाच्या घरातले. दौंडला रेल्वेत खलाशी म्हणजे हरकाम्या म्हणून लागले आणि तिथल्या वेल्डरच्या मागे उभे राहून काम शिकले. पुढे नोकरी सोडून निमोण्याला शेड घातली, तेव्हा पत्रा धरायला माणूस नव्हता म्हणून मी धरू लागले. ते जोडायचे, मी धरायची. धरणाऱ्याला काम जास्त कळते, कारण जोडणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उजेड असतो आणि धरणाऱ्याच्या हातात पत्र्याची थरथर असते.

पत्रा बदलायचा कसा, तेही लिहून ठेवते. सडलेला भाग उजळ लोखंड लागेपर्यंत कापायचा, मन घट्ट करून कापायचा. मग मापाचा नवा तुकडा बसवायचा आणि आधी नुसते टाके घालायचे, एक इकडे, एक पार तिकडे. घाईने सलग जोडत गेले की पत्रा तापून फुगतो आणि गाडीचे दार लागत नाही. म्हणून टाका घालायचा, ओले फडके ठेवायचे, दार लावून बघायचे, मग पुढचा टाका. शेवटी बोटाच्या पेराने वाजवायचे, बाजारात माठ घेताना आपण बायका वाजवतो तसे. जोड चांगला असला तर पत्रा खणखणतो. सडक्यावर नवा डकवला असला तर बद्द वाजतो. हे नकुशीला येते. हनुमंतलाही येते, म्हणूनच माझा जीव जास्त जळतो.

कलम ७. डॉज गाडी. ही माझ्या नावावर आहे आणि ती मी नकुशीला देते. का, ते सविस्तर लिहिते.

गाडी मूळची दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांची. ते सगळे कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा गाडी लिंबाखाली सडत उभी होती, तळ पार गेलेला. ते आबांना म्हणाले, घेऊन जा, इतकी वर्षं तूच हिला धुतलं आहेस. उसाच्या ट्रकला दोर बांधून आम्ही ती निमोण्याला आणली. गाव हसले. पण खालची फ्रेम ठणठणीत होती, आजही आहे. जाड लोखंडाची चौकट आहे ती. सडतो तो तिच्यावरचा पत्रा.

आबांनी तिचे इंजिन चालू केले, दारे बसवली, आणि तळाला हात घालणार एवढ्यात हनुमंतचे लग्न ठरले, वडगाव रासाईच्या रतनशी. हनुमंत हटून बसला.

"आबा, वरात डॉजमधनंच आणायची. समद्या दोस्तांला सांगितलंय म्या."

"आरं, तळ सडलाय तिचा," आबा म्हणाले. "कापून काढाया लागंल. लगीन झाल्यावर करू निवांत."

तेव्हा तिथे वडगावचे हौसराव बागायतदार बसले होते. सोयरीक जुळवण्यात त्यांचा शब्द होता, म्हणून आमच्या शेडमध्येही त्यांचाच शब्द चालला. ते म्हणाले, "कापताय कशाला? वरनं नवा पत्रा टाका आन् मारा काळा रंग. वरातीत खाली वाकून कोण बघतंय, आबा?"

आबांनी वरून पत्रा टाकला. मी वाजवून बघितले. म्हटले, "ह्ये बद्द वाजतंय. ह्याच्यावर माणूस बसवू नका."

हौसराव हसले. "वैनी, माठ घ्यायला आलाय व्हय? बायामाणसाला पत्र्यातलं काय कळतंय!"

सगळे हसले. आबाही थोडे हसले. ते हसणे मी त्यांना कधी माफ केले नाही, आणि ते गेल्यावर त्याच हसण्याची सगळ्यात जास्त आठवण येते. काय करावे माणसाने.

वरातीच्या दिवशी करवली नकुशी होती. जेमतेम कळती झालेली पोर. सीटवर जागा नव्हती, म्हणून नवरानवरीच्या पायाशी तळावर बसली, मांडीत पाण्याने भरलेला कऱ्हा. पाणी सांडू द्यायचे नाही, एवढे मीच तिला बजावून सांगितले होते. ओढ्याच्या उताराला गाडी आदळली आणि पत्रा खालून फाटला. तिचा उजवा पाय त्यातून रस्त्याला लागला आणि गाडी थांबेपर्यंत घासत गेला. पुढे वाजंत्री वाजत होती, ड्रायव्हरला ओरडणे ऐकूच गेले नाही.

आम्ही तिला बाहेर काढले तेव्हा कऱ्हा तिच्या हातातच होता. मला म्हणाली, "आये, पानी सांडलं न्हाई."

पाऊल गेले. तेव्हापासून ती कुबडीवर चालते. तिला बघायला पाहुणे आले ते चहा पिऊन गेले.

आबांनी त्यानंतर टॉर्च पेटवली नाही. मेंढरे विकत घेतली आणि बापजाद्यांसारखे रानोमाळ हिंडू लागले. मीच शेडमध्ये गेले, फाटलेला पत्रा उचकटला आणि बघितले. जोड गंजाला लागला होता, लोखंडाला लागलाच नव्हता. तो सगळा तळ मी एकटीने कापून नवा बसवला. हनुमंत पत्रा धरायला आला नाही. नकुशी आली, कुबडी बाजूला ठेवून जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आये, म्या धरते." तिचे शिक्षण तिथून सुरू झाले.

मी बसवलेला तळ पुष्कळ वर्षे टिकला. शिरूर तालुक्यातल्या कितीतरी नवऱ्या त्या गाडीतून सासरी गेल्या आणि एकीच्याही पायाला खरचटले नाही. पण शेड गळते, पाणी मुरते, आणि लोखंड कोणाचे मिंधे नसते. गेल्या पावसाळ्यापासून तळ परत सडत गेला.

कलम ८. वडगाव रासाईचे हौसराव बागायतदार हर्षदाच्या लग्नात आशीर्वाद द्यायला येणार आहेत. त्यांना माझ्याकडून डॉजच्या तळाचा सडका तुकडा द्यावा. तो त्यांनी आपल्या बैठकीत, पुढाऱ्यांबरोबरच्या फोटोंच्या रांगेत टांगावा. आल्यागेल्याने विचारले तर सांगावे की हा झुंबरबाईने पाठवला, तिला पत्र्यातले कळत होते. वकील म्हणतात हे कलम काढा. काढणार नाही.

कलम ९. आता यंदाचे. नव्या तळासाठी पत्रा मी मापाने कापून ठेवला होता, तेवढ्यात छातीचे दुखणे सुरू झाले. हनुमंत म्हणाला, "आये, तू तपासण्या करून ये, मी तळ बघतो." मला बरे वाटले. वीस वर्षांत पहिल्यांदा तो त्या गाडीखाली जायचे म्हणत होता. पुण्याहून परत आले तर गाडी काळीभोर चमकत होती आणि मागे नवीन रबरी चटई चिकटवलेली होती. चटईचा कोपरा उचलून मी पेर मारले.

बद्द.

तोच आवाज. इतक्या वर्षांनी माझ्या हाताने तो ओळखला.

"हनुमंता, जुना पत्रा कापला का?"

"कापला की."

"मंग बद्द का वाजतंय?"

"आये, तू आधी तुझी छाती वाजवून बघ."

बोलून गेला आणि त्याचे त्यालाच कसेतरी झाले. खाली बघून म्हणाला, "टाइम न्हाई गं. पत्रिका वाटून झाल्यात. पाव्हण्यांनी डॉजच मागितलीया. गावातल्या गावात हळू न्हेतो."

"तवा बी हळूच चालली व्हती," मी म्हटले.

मग म्हटले, "नकुशीला बोलव. तुम्ही दोघं मिळून चार दिसांत उरकाल."

"तिला नगं."

"का नगं?"

त्याने रंगाच्या डब्याचे झाकण दाबून बसवले. मग म्हणाला, "तिच्यासमोर त्या तळाला हात लावाया जमत न्हाई मला, आये. कापाया बसलो की त्यो रस्ताच दिसतोय."

हे त्याने मला आयुष्यात पहिल्यांदा सांगितले. मला त्याला पोटाशी धरावेसे वाटले आणि दोन ठेवूनही द्याव्याशा वाटल्या. माझा मुलगा वाईट नाही. बहिणीच्या पायाकडे बघवत नाही म्हणून तो बहिणीकडेच बघत नाही, आणि सडका पत्रा बघवत नाही म्हणून तो झाकून टाकतो. पण त्याच्या या न बघवण्यावर आता पूनम बसणार आहे, मांडीत कऱ्हा घेऊन. ती माझी नात नंतर, त्याची लेक आधी.

मी नकुशीला दौंडला फोन केला. ती म्हणाली, "तू बोलावलंस म्हणून न्हाई येणार, आये. दादानं बोलावलं तर पयल्या गाडीनं येते. इतकी वर्सं वाट बघतीया म्या." आणि फोन ठेवला.

मला भीती वाटते. ऑपरेशनची वाटते ती वेगळी आणि थोडी. खरी भीती ही, की मी तिकडे दवाखान्यात पडलेली असेन आणि इकडे वाजंत्री सुरू होईल.

कलम १०. म्हणून माझी आज्ञा अशी. तळ उजळ लोखंडापर्यंत कापून नवा जोडल्याशिवाय या गाडीत कोणी बसू नये. काम हनुमंत आणि नकुशीने मिळून करावे. त्यासाठी हनुमंतने स्वतः दौंडला जावे, फोन करू नये, आणि "नकुशे, चल" एवढे तोंडाने म्हणावे. काम झाल्यावर नकुशीने पेराने वाजवून बघावे. ती म्हणेल खणखणतो, तर आणि तरच हनुमंतने करवलीच्या जागी तळावर बसावे, मांडीत भरलेला कऱ्हा घेऊन. म्हाळू ड्रायव्हरने गाडी ओढ्याच्या उतारावरून न्यावी, हळू न्यायची गरज नाही. त्यानंतर पूनमला बसवावे.

हे ऐकून वकील म्हणाले, "आजी, मृत्युपत्राचा अंमल माणूस गेल्यावर होतो. तुमच्या हयातीत या कलमानं वरात थांबत नाही. मुलानं ऐकलं नाही तर कोर्टही काही करू शकणार नाही." भला माणूस, खरे ते सांगितले. मी त्यांना चहा दिला आणि परत पाठवले.

कलम ११. हे कलम वकील गेल्यावर लिहिले आहे.

आज दुपारी घरची सगळी शिरूरला बस्त्याला गेली होती. मी शेडमध्ये गेले. चटई उपसून काढली, आबांचा हातोडा आणि रुंद छिन्नी घेतली आणि मागच्या सीटसमोर बसले. वाटले होते जमणार नाही, छातीत कळ येईल. कळ आली, मधेच टेकून बसावे लागले. पण छिन्नीला जोर लावावाच लागला नाही. हनुमंतचा नवा पत्रा कडेकडेने सुटत आला आणि त्याच्याखालचा जुना भिजलेल्या भाकरीसारखा हाताने निघाला. दोन्ही काढून टाकले. फ्रेमला धक्का लागू दिला नाही.

आता डॉजचे मागचे दार उघडले की शेडची जमीन दिसते. भोक एवढे मोठे आहे की कोणत्याही चटईने झाकणार नाही आणि कोणत्याही रंगाने बुजणार नाही. वरात न्यायची असेल तर ते जोडावेच लागेल. मी मापाने कापलेला पत्रा हनुमंतने वापरलाच नव्हता, तो भिंतीला उभा आहे. ऑक्सिजनची टाकी भरलेली आहे. भोकाच्या कडेला मी नकुशीचा तो कऱ्हा ठेवला आहे, पाण्याने काठोकाठ भरून.

हनुमंता, मी तुला घराबाहेर काढत नाही, तुझे काही हिरावून घेत नाही. तू झाकलेस ते फक्त उघडे केले. तो रस्ता तुला दिसतो म्हणालास ना, तर आता नीट बघ, आणि बहिणीला शेजारी बसवून बघ. मी परत आले तर तुझ्या हातचा जोड वाजवून बघेन. नाही आले तर नकुशी वाजवेल, तिचे पेर माझ्यापेक्षा तिखट आहे.

एवढे सगळे मी शुद्धीत लिहिले, स्वतः वाचले आणि दोघा साक्षीदारांसमोर सही केली. म्हाळू हा वरातीला गाडी चालवणार आहे, म्हणून त्याला मुद्दाम साक्षीला घेतले. आता त्याला माहीत नव्हते म्हणायची सोय उरली नाही. शेजारच्या धुरपदाला घेतले कारण तिला कळलेले गावाला कळते.

ठिकाण : निमोणे, तालुका शिरूर
दिनांक : १८ एप्रिल २००४

लिहून ठेवणार : झुंबरबाई भैरू कोळपे (सही)

साक्षीदार :
१) म्हाळू रामा पांढरे, ड्रायव्हर, निमोणे (सही)
२) धुरपदा बाबू टकले, शेजारीण, निमोणे (डाव्या हाताचा अंगठा)

वाचून दाखवले ते ऐकले : हनुमंत भैरू कोळपे
(याची सही आत्ता घेऊ नये. गाडीखालून बाहेर आल्यावर घ्यावी.)